लाईट नाय, चढ

माझा नवरा वाईट माणूस नाही. हे मी बायको म्हणून सांगत नाहीये. बायको म्हणून सांगायला बसले तर वेगळीच यादी निघेल. ओला टॉवेल पलंगावर टाकतो, आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर उद्या देतो, आणि स्वतःच्या हाताने एखादी वस्तू केली की चार माणसांनी तिला बरं म्हटल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. पण जाणूनबुजून त्याने कुणाच्या केसालाही धक्का लावलेला नाही. तरीही गेल्या मे महिन्यात त्याच्या तोंडच्या तीन शब्दांनी सुदेश गेला, आणि माझ्या नवऱ्यावर मालवणच्या कोर्टात खटला उभा राहिला. हयगयीने आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा.

सुदेश आमच्या भावकीतला. आमच्या आणि त्याच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, मध्ये एक दगडांचा गडगा, तोही गुडघाभर. धनेश, म्हणजे माझा नवरा, त्याच्याहून वर्षाने मोठा. पण दोघं एकमेकांना 'अरे-तुरे'च करायची. आंब्याचा धंदा दोघांचा मिळून. आमची कलमं होतीच, शिवाय शेजारच्या दोन बागा कराराने घेतलेल्या. धनेशकडे टेम्पो, गिऱ्हाइकं आणि बडबड. सुदेशकडे झाडावरचं सगळं. सुदेश इतका जपून वागणारा की आम्ही त्याला 'म्हातारो' म्हणून चिडवायचो. हाताने हलवून बघितल्याशिवाय त्याने कधी फांदीवर पाय ठेवला नाही. त्याची बायको दिव्या म्हणायची, "ह्यो पोळी पण फुकून खाता."

गेल्या मोसमात धनेशच्या डोक्यात नवा झेला आला. झेला म्हणजे आंबे काढायची लांब काठी, टोकाला जाळी आणि पातं. आमच्याकडे ती बांबूची असते. बांबू लांब झाला की जड होतो, हात भरून येतात. धनेशने कुडाळला जाऊन एका कारखान्यातून अल्युमिनियमच्या पाइपचा झेला करून आणला. हलका, हवा तेवढा लांब, दिसायला चकचकीत. आल्यागेल्याला तो हातात धरायला द्यायचा आणि तोंडाकडे बघत बसायचा. सुदेशलाही तो आवडला. दिवसाला दोन क्रेट जास्त उतरायला लागल्यावर कुणाला आवडणार नाही?

आता लायनीचं सांगते. आमच्या बागेच्या एका कडेवरून विजेची मोठी लाईन जाते. त्याखाली कलमांची एक रांग आहे, म्हाताऱ्या आणि उंच झाडांची. ती कलमं काढायची आमच्या भागातली एक रीत आहे. ती कुणी ठरवली नाही, पण सगळे पाळतात. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. त्या वेळात लायनीखालची झाडं उरकायची. आणि लाईट गेली हे कळायचं कसं, तर दत्तारामच्या गिरणीवरून. गिरणीची घरघर बागेपर्यंत ऐकू येते. ती थांबली की चढायचं. आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून हे असंच चालत आलं होतं, आणि बांबूच्या काठीने ते खपून गेलं होतं.

त्या गुरुवारी गिरण सकाळीच थांबली. पण दुरुस्तीसाठी नाही. आमच्या वाडीला वीज देणाऱ्या डीपीवरचा फ्यूज उडाला होता. वाडीतले पंखे बंद, गिरण बंद, आणि वरची मोठी लाईन मात्र चालू. वायरमन शिवाला एक फोन केला असता तर त्याने सांगितलं असतं. धनेशने गिरणीकडे कान दिला आणि सुदेशला म्हणाला, "लाईट नाय, चढ." सुदेश नवा झेला घेऊन चढला आणि झेला वरच्या तारेला लागला.

दिव्या बाजूच्या झाडाखाली आंबे निवडत होती. ते तीन शब्द तिने ऐकले, आणि पुढचं सगळं पाहिलं. मी पाहिलं नाही, आणि तिने जे मला सांगितलं ते मी कुणाला सांगणार नाही. धनेशने त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तिथे नेऊन काही उपयोग नव्हता हे त्याला वाटेतच कळलं होतं, तरी तो हॉर्न वाजवत गेला.

पोलीस आले, पंचनामा झाला, जबाब झाले. दिव्याने शुद्ध नसल्यासारखं सगळं सांगितलं, तेही लिहून घेतलं गेलं. सुतक सरलं तशी सुदेशची आई, जानकीकाकी, आमच्या खळ्यात आली. ती बाई कमी बोलते. धनेश तिच्यासमोर उभा राहिला तो मान खाली घालून.

ती म्हणाली, "माका पोलीस नको, कोर्ट नको. काय झाला तां तू देवासमोर सांग. माका तितक्या पुरे."

आमच्या गावात हे नवीन नाही. बांध कोरला, गुरं मेली, भाऊ भावाशी बोलेनासा झाला, की देवळात गाऱ्हाणं घालतात. ज्याच्या हातून चूक झाली त्याने सगळ्यांदेखत सांगायचं, आणि ज्याचं नुकसान झालं त्याने ते मनातून काढून टाकायचं. तर देवळात सगळी वाडी जमली. मानकरी दाजींनी नारळ ठेवला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत…"

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"हेच्या हातसून जी काय चूक झाली, ती हो तुझ्यासमोर सांगता आसा. ती पदरात घी, आणि दोनय घरांची राखण कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

मग धनेश बोलला. "मीच म्हटलंय तेका, लाईट नाय, चढ. गिरण बंद पडली म्हणान म्हटलंय. माझी चूक." एवढंच. पण मी त्याला ओळखते. त्याच्या गळ्यातून ते कसं निघालं ते मला माहीत आहे. जानकीकाकीने अंगारा घेतला आणि त्याच्या कपाळाला लावला. दिव्या खांबाला टेकून उभी होती. तिने डोळे पुसले आणि मान हलवली.

त्यानंतरचा पावसाळा आम्ही दोन घरं एका चुलीवर असल्यासारखी राहिलो. धनेशने आधी दिव्याची लावणी केली, मग आमची. तिची पोरं आमच्याकडे जेवायची, आमची समीक्षा त्यांचा अभ्यास घ्यायची. सगळ्या गावाची एकच समजूत होती, आणि माझीही: देवाने मिटवलं ते मिटलं. पोलिसांचा कागद कुठल्यातरी कपाटात पडून राहील, वाळवी खाईल.

वाळवीने खाल्ला नाही. दिवाळीनंतर कोर्टाचं समन्स आलं.

आम्ही मालवणला वकील गाठली. आकांक्षा तिचं नाव. वयाने लहान, पण हुशार आणि मनाने चांगली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे माझा तिच्यावर राग निघणार आहे. मी तिला म्हटलं, "सुदेशच्या बायकोने लिहून दिलं, आमची काही तक्रार नाही, तर?"

"या गुन्ह्यात तडजोड चालत नाही, वहिनी. माणूस गेलाय. फिर्याद सरकारची असते."

"सरकाराचो कोण मेलो?" मी म्हटलं. ऑफिसात शुद्ध बोलायचं ठरवून गेले होते, पण रागाला शुद्ध भाषा येत नाही.

ती हसली नाही. तिने नीट समजावलं. गुन्हा कबूल केला तर शिक्षा. कायद्यात पाच वर्षांपर्यंत आहे. एवढी होणार नाही, पण किती होईल ते कुणी सांगू शकत नाही. नाकबूल केला तर सरकारला सिद्ध करावं लागेल. ते तीन शब्द ऐकलेली साक्षीदार एकच, दिव्या. पोलिसांनी काहीही लिहून घेतलेलं असो, कोर्टात उभं राहून ती काय सांगते त्यावर सगळं.

दिव्याला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "कोर्टात मी सांगतलंय, माका काय आयकाक येऊक नाय. दादाक जेलात धाडून माका काय गावतला?" धनेशला ती दादा म्हणते. माझा जीव भांड्यात पडला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही ती चढून अलगद उतरणार, असं मला वाटलं.

पहिल्या तारखेला दिव्या आमच्याबरोबरच एसटीने आली. तिचं मालवणात काहीतरी काम होतं, ते उरकून ती कोर्टात माझ्या मागच्या बाकावर येऊन बसली. मॅजिस्ट्रेट मॅडमनी दोषारोप वाचून दाखवला. सुदेशचं त्यात नाव एकदाच आलं, मग तो 'मयत इसम' झाला. मला त्या शब्दाची चीड आली. वाचून झाल्यावर मॅडमनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

धनेश म्हणाला, "नाही."

आकांक्षाने शिकवलं होतं तसंच, एका शब्दात. मला काहीच वाटलं नाही. लग्नात भटजी 'मम' म्हणायला सांगतात तसंच ते, असं मी समजत होते. पण परतीच्या एसटीत दिव्या आमच्याजवळ बसली नाही. पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली आणि फाट्यावर उतरल्यावर आमच्यासाठी न थांबता चालू लागली. त्या दिवसापासून तिची पोरं जेवायला येईनाशी झाली. गडग्यापलीकडून हाक मारली तर जानकीकाकी घरात जायची.

मला आधी दिव्याचाच राग आला. माझं हे असंच असतं. जो माणूस समोर असेल त्याच्यावर आधी निघतो. काही दिवस मी तोंड फुगवून राहिले. मग साक्षीची तारीख आली तशी मी गडगा ओलांडून गेले. दिव्या खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होती. मी बसले, तीही बसली. दोघी बिया पसरत राहिलो.

"काय झाला गो?" मी म्हटलं. "बोलणा कित्याक टाकलंस?"

"वैनी, देवळात होय आणि कोर्टात नाय. खरा खंयचा?"

"वकिलीण सांगता तसा म्हणूचा लागता. तां नुसता बोलणा."

"मगे सुदेश कोणाच्या चुकीन गेलो?"

मी बिया पसरल्या.

"तुमची वकिलीण सांगतली, तो आपल्या मर्जीन चढलो," दिव्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला तो जास्त लागला. "मी सांगतलंय, माका काय आयकाक येऊक नाय. मगे कोर्ट काय लिवतला? मयत इसमाचो निष्काळजीपणा. जो माणूस फांदी हलवन बघल्याशिवाय पाय ठेवी नाय होतो, तेका निष्काळजी म्हणतले. आणि माझी पोरां मोठी होवन तां वाचतली."

"पोरांका तू सांग मां, खरा काय तां."

"माझ्या सांगण्याक काय किंमत? कोर्टात उभी रवान मीच उलटा सांगितलेला असतला."

आत जानकीकाकीचा खोकला ऐकू आला. ती बाहेर आली नाही.

"मगे कोर्टात तू काय सांगतलंस?" मी विचारलंच. निर्लज्जपणा होता, पण माझा नवरा होता तो.

"दादाक जेलात घालूचा नाय माका. आणि ह्या पण नको माका." तिने एक किडकी बी उचलून लांब फेकली. "थंय उभी रवलंय काय कळात."

घरी येऊन मी धनेशला सगळं सांगितलं. वाटलं, काहीतरी बोलेल. तो टेम्पोच्या खाली शिरला आणि काहीही बिघडलेलं नसताना तासभर तिथेच पडून राहिला. मी बाहेर उभी राहून त्याच्या पायांना बजावलं, "तू आता काय एक शब्द बोला नको. ती काय सांगता तां सांगांदे. तू गप रव." मला तो घरात हवा होता. ओल्या टॉवेलसकट हवा होता. सुदेशचं नाव, दिव्याची पोरं, सगळं मला कळत होतं. आणि ते सगळं मी माझ्या नवऱ्याच्या बदल्यात द्यायला तयार होते. खोटं कशाला बोलू?

साक्षीच्या दिवशी कोर्टात गर्दी नव्हती. दाजी आले होते, जानकीकाकी आली होती. दिव्या पिंजऱ्यात उभी राहिली. तिने शपथ घेतली. सरकारी वकिलांनी नाव, गाव, नातं विचारलं आणि मग म्हणाले, "त्या सकाळी आरोपी तुमच्या पतीला काय म्हणाले?"

दिव्याने धनेशकडे बघितलं. धनेश जमिनीकडे बघत होता.

"मला काही ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

सरकारी वकिलांनी तिचा पोलिसांकडचा जबाब वाचून दाखवला. असं सांगितलं होतं ना? ती म्हणाली, "तेव्हा मी शुद्धीवर नव्हते. काय सांगितलं ते मला आठवत नाही." त्यांनी ती फितूर झाल्याचं नोंदवायला सांगितलं आणि चिडून खाली बसले. मी बाकाखाली हात जोडले. देवा, पावलास, असं मी खरोखर म्हटलं.

मग आकांक्षा उठली. तिचं काम होतं ते ती करत होती; आता रागावून उपयोग नाही. तिने हळू आवाजात विचारलं, "तुमचे पती अनुभवी होते?"

"हो."

"कुठल्या झाडावर कधी चढायचं, ते स्वतः ठरवायचे?"

"हो."

"म्हणजे त्या दिवशी लायनीखालच्या झाडावर चढायचं, हेही त्यांनीच ठरवलं?"

दिव्याने कठडा धरला. मॅडम म्हणाल्या, "उत्तर द्या, बाई." जानकीकाकी माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती, आणि तिने पदर तोंडात धरला होता.

"हो," दिव्या म्हणाली. इतकं हळू की टाइप करणाऱ्या माणसाने मान वर करून विचारलं, "काय म्हणाल्या? मोठ्याने सांगा."

तिने पुन्हा तोंड उघडलं, पण तिच्याआधी धनेश बोलला.

"मॅडम, ती खोटा बोलता. माझ्यासाठी बोलता."

मी अर्धी उठले. आकांक्षाने वळून त्याला हाताने खाली बसायची खूण केली. मॅडमनी चष्मा काढला आणि त्याला बजावलं, की मध्येच बोलू नका, जे सांगायचं ते आधी तुमच्या वकिलांशी बोला. थोडा वेळ दिला. बाहेर व्हरांड्यात आकांक्षा त्याला म्हणाली, "धनेशदादा, तुम्ही सुटताय. फक्त गप्प बसा. हात जोडते." मीही हात जोडले. तो आम्हा दोघींकडे असं बघत होता की आम्ही काय बोलतोय ते त्याला ऐकूच येत नसावं. "तिका परत मोठ्यान सांगूक लावतले," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

आत जाऊन त्याने गुन्हा कबूल असल्याचं सांगितलं. मॅडमनी विचारलं, कुणी दबाव आणलाय का, परिणाम समजलेत का. समजलेत म्हणाला. त्याने शुद्ध मराठीत सुरुवात केली होती, पण दोन वाक्यांत ती गळून पडली.

"लाईट नाही असं तुम्ही म्हणालात?"

"होय. मीच."

"वायरमनला विचारून खात्री केली होती?"

"नाय."

"का नाही केली?"

मला वाटलं, आता तो गिरणीचं सांगेल, जे देवळात सांगितलं तेच. त्याने एकदा दाजींकडे बघितलं, मग जानकीकाकीकडे.

"सुदेश म्हणालो होतो," तो म्हणाला. "झाडाखाली उभो रवान म्हणालो, धनेश, शिवाक एक फोन लाव, मगे चढतंय. दिव्या तेव्हा पाणी आणूक विहिरीर गेलली. मी हसलंय तेका. म्हटलंय, खराच म्हातारो झालंस काय? गिरण बंद आसा, कळना नाय? दिव्या इली तेव्हा मी शेवटचा म्हणत होतंय, लाईट नाय, चढ. तो चढलो. माझ्या शब्दार चढलो." मग म्हणाला, "फोन माझ्या खिशात होतो. ह्या मी देवळातय सांगूक नाय. लाज वाटली."

टाइप करणारा माणूसही थांबला होता. मॅडमनी खूण केल्यावर त्याने लिहायला घेतलं.

एवढी वर्षं त्याच्याशी संसार केला, आणि ही गोष्ट त्याने जवळजवळ वर्षभर माझ्या शेजारी झोपून पोटात ठेवली होती. मला राग आला. घरात तोंड उघडलं नाही आणि तिथे, चार परक्या माणसांत, बरं फुटलं. त्याच वेळी मला रडू आलं, आणि ते रागाचं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडमनी शिक्षा सांगितली. सहा महिने साधी कैद. त्या म्हणाल्या, आरोपीने कबुली दिली, आधीचा गुन्हा नाही, मयताच्या कुटुंबाला त्याने आधार दिला, हे सगळं धरलंय. पण सावध केलेलं असताना, फोन हाताशी असताना एवढीही खबरदारी घेतली नाही, म्हणून नुसत्या बंधपत्रावर सोडता येणार नाही. आकांक्षाने बाहेर येऊन मला सांगितलं, धनेशदादा फोनचं बोलले नसते तर बहुतेक बंधपत्रावर सुटले असते. अपील करू, आजच जामीन मागू, असंही म्हणाली. धनेश नको म्हणाला. पोलीस त्याला कागदांवर सह्या करायला घेऊन गेला.

मी व्हरांड्यात उभी होते. डोक्यात भलतंच चाललं होतं, की याच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिल्या. दाजी जानकीकाकीला धरून पायऱ्या उतरत होते. काकी जाता जाता माझ्यासमोर थांबली, माझ्या दंडाला हात लावला आणि पुढे गेली. दिव्या मागे राहिली.

"विचारल्यान मां तेना?" तिने मला विचारलं. "फोन लाव म्हणालो मां?"

"होय गो," मी म्हटलं. "विचारल्यान."

"माका वाटाचा, तेना विचारूक कसा नाय. इतको जपणारो माणूस, त्या दिवशीच कसो इसारलो. रोज वाटाचा. सासूकय वाटाचा, बोलाची नाय." आणि ती रडायला लागली. सुदेश गेला तेव्हा रडली होती तशी नाही. मोठ्याने, लहान पोरासारखी, कोर्टाच्या व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत. मी तिला धरलं. कुणी कुणाला सावरायचं हे आम्हा दोघींनाही कळत नव्हतं. आमच्या समोरून पोलीस धनेशला घेऊन गेला. त्याने आमच्याकडे बघितलं, दिव्यानेही त्याच्याकडे बघितलं, आणि मग तिने मान फिरवली.

मग ती म्हणाली, "वैनी, देवळात मी माफ केलंय, तां अर्ध्याचा होता. उरलेल्याक माका वेळ लागतलो."

मला वाईट वाटलं. पण खोटं वाटलं नाही.

"लागांदे," मी म्हटलं. "मी गडग्यापलीकडेच आसंय."

तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, एसटी चुकेल. आम्ही स्टँडकडे निघालो. एसटीत ती माझ्या शेजारी बसली, खिडकीकडे तोंड करून.